‘रिस्पॉन्सिबल केअर’ स्वीकारल्याने कारखान्यात नेमके काय बदलते?

प्रश्न (हडपसर, पुणे) :
कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतील एका रसायन कारखान्याच्या सुरक्षा विभागात मी काम करतो. आमच्या व्यवस्थापनाने ‘रिस्पॉन्सिबल केअर’ हा रसायन उद्योगाचा सुरक्षा, आरोग्य आणि पर्यावरण जपण्यासाठीचा ऐच्छिक उपक्रम स्वीकारायचे ठरवले आहे. आपत्कालीन आराखडा आणि दर सहा महिन्यांनी त्याची मॉक ड्रिल हे घातक रसायनांविषयीच्या 1989 च्या नियमांनुसार करावेच लागते, सांडपाण्यावरील प्रक्रियाही चुकत नाही. मग या उपक्रमाने कागदपत्रांखेरीज काय वाढते, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद 1 :
डिसेंबर 1984 मध्ये भोपाळची वायुगळती झाली आणि पुढच्याच वर्षी कॅनडातील रसायन उत्पादकांच्या संघटनेने हा उपक्रम सुरू केला. भारतात तो इंडियन केमिकल कौन्सिल ही रसायन उद्योगाची संघटना राबवते. माल गेटबाहेर पडल्यानंतरही तो आपलाच मानायचा, हा त्यातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग. आमच्याकडे अ‍ॅसिडचा टँकर भरण्यापूर्वी चालकाला ट्रेम कार्डावरच्या (वाहतुकीत अपघात झाल्यास काय करायचे, ते सांगणारे कार्ड) सूचना सांगायला लावतात. पहिल्याच दिवशी एकाने कार्ड उलटे धरले होते. कार्ड इंग्रजीत, आणि त्याला येत होती फक्त हिंदी! तपासणीला कार्ड हजर होते, एवढेच. आता सूचना हिंदीत छापतो आणि गळती झाल्यास कोणता व्हॉल्व्ह बंद करायचा, ते त्याच्याकडून हात लावून दाखवून घेतो.

प्रतिसाद 2 :
वरील अनुभव चांगला आहे, पण तो सार्वत्रिक समजू नये. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात असे आढळले, की या उपक्रमातील कंपन्या बाहेरच्या कंपन्यांपेक्षा सावकाश सुधारत होत्या, कारण शब्द न पाळणाऱ्याला शिक्षाच नव्हती. पुढे अमेरिकेतील रसायन उद्योगाच्या संघटनेने त्रयस्थ संस्थेकडून प्रमाणन घेणे सदस्यांना बंधनकारक केले. तेव्हा तुमच्याकडे ऑडिट कोण करणार, आणि निअर मिसच्या (थोडक्यात टळलेल्या अपघातांच्या) नोंदी त्याला दाखवणार का, हे आधी विचारा.

प्रश्नकर्ता :
नोंदवही काढून पाहिली. चार महिन्यांत एकही निअर मिस नाही. मागच्या आठवड्यात मात्र एका ठिबकणाऱ्या फ्लँजला (पाइपच्या जोडाला) चिंधी गुंडाळलेली मी स्वतः पाहिली होती.

प्रतिसाद 2 :
मग पहिली नोंद त्या चिंधीची करा, आणि ती कोणी गुंडाळली हा रकानाच वहीत ठेवू नका. नाहीतर चार महिन्यांनी वही पुन्हा कोरीच दिसेल.