वाहनांचा धूर सर्वांच्या वाट्याला सारखाच येतो का?

मूळ मुद्दा
शहराच्या हवेचा एकच सरासरी आकडा जाहीर होतो आणि त्यावरून सगळे एकाच हवेत श्वास घेतात असा समज रूढ होतो. वाहनांच्या धुराबाबत तो मला मुळीच मान्य नाही. नायट्रोजन डायऑक्साइड आणि डिझेलची काजळी रस्त्याच्या कडेला सर्वाधिक असते आणि काहीशे मीटर आत गेले की त्यांचे प्रमाण झपाट्याने उतरते. या पट्ट्यातली तळमजल्यावरची खोली बहुधा तोच घेतो, ज्याला आतल्या शांत गल्लीतले भाडे झेपत नाही. तिथली खिडकी सकाळी पुसली तरी संध्याकाळी चौकटीवरून बोट फिरवले की काळे होते, आणि त्याच खिडकीखाली मूल झोपते. लंडनमध्ये एका वर्दळीच्या रस्त्याजवळ राहणारी नऊ वर्षांची एला किसी-डेब्रा २०१३ मध्ये दम्याने गेली. तिच्या मृत्यूला प्रदूषित हवाही कारणीभूत होती, असा निर्णय मृत्युचौकशी अधिकाऱ्याने २०२० मध्ये दिला. ज्यांच्याकडे मोटार नाही त्यांनीच तिचा धूर सर्वाधिक का सोसावा?

प्रतिसाद १ (असहमत)
हे चित्र सर्वत्र खरे नाही. रोममध्ये जास्त रहदारीच्या मध्यवर्ती भागात सुखवस्तू लोकच अधिक राहतात, असे तिथल्या अभ्यासात आढळले. शिवाय कोंडीत अडकलेल्या मोटारीत पुढच्या गाडीचा धूर शिरतोच. धुरावर शुल्क लावले, तर त्याचा पहिला फटका जुन्या टेम्पोवर पोट असणाऱ्याला बसेल. श्रीमंत माणूस नवी गाडी घेऊन मोकळा होईल.

प्रतिसाद २
रोमचा दाखला अर्धाच दिला आहे. त्याच अभ्यासानुसार, हवेत सूक्ष्म कण वाढलेल्या दिवसांत मृत्यूंमध्ये होणारी वाढ मात्र कमी उत्पन्नाच्या लोकांत अधिक ठळक होती. आधीचे आजार, उघड्यावरचे काम आणि उशिरा मिळणारे उपचार यांमुळे तेवढाच धूर गरिबाला जास्त बाधतो.

प्रतिसाद ३ (असहमत)
तरीही याला वर्गसंघर्षाचे रूप देऊ नये. इंजिनांचे मानक कडक केले आणि इंधनातले गंधक घटवले की सर्वांचीच हवा सुधारते, आणि त्यात कोणाला वेगळे काढावे लागत नाही.

धागाकर्त्याचे उत्तर
मानके हवीतच, पण केवळ त्यांच्या भरवशावर राहता येत नाही, हे २०१५ मध्ये फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांतील चाचणीला चकवणारे सॉफ्टवेअर उघडकीस आले तेव्हाच कळायला हवे होते. विजेच्या गाड्यांनीही ब्रेक आणि टायर झिजून उडणारी धूळ थांबत नाही. टेम्पोवाल्याची चिंता मात्र रास्त आहे, आणि म्हणूनच शुल्कासोबत जुने वाहन मोडीत काढण्यासाठी अनुदान असलेच पाहिजे. लंडनने २०२३ मध्ये जास्त धूर सोडणाऱ्या वाहनांकडून शुल्क घेण्याचे आपले क्षेत्र शहरभर वाढवताना तशी योजना सर्व रहिवाशांना खुली केली. कॅलिफोर्नियाने तर २००३ मध्येच महामार्गापासून ५०० फुटांच्या आत नव्या शाळा उभारण्यावर कायद्याने निर्बंध घातले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये नायट्रोजन डायऑक्साइडची वार्षिक मर्यादा ४० वरून १० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटरवर आणली. ही मर्यादा पाळली जाते की नाही हे बागेतल्या यंत्रावरून ठरवू नये. वर्दळीच्या चौकात, शाळेच्या फाटकापाशी आणि बसथांब्यावर, माणसाच्या नाकाच्या उंचीवर ते मोजावे आणि तिथला आकडा सरासरीत न मिसळता स्वतंत्र जाहीर करावा, एवढी माझी मागणी आहे.