सोसायटी ग्रुप (ए-बी-सी विंग): जिना, रेशन आणि जामीन

बी-402 पाटील: आज चौथा दिवस. बी विंगचा जिना झाडलेला नाही, पुसणं तर सोडाच. मेंटेनन्स आम्ही 5 तारखेच्या आत भरतो. सचिव साहेब, मावशी येणार आहेत की नाही?

ए-101 सचिव: पाटील साहेब, कारण तुम्हालाही माहीत आहे. नवरा आत आहे. सकाळी कोर्ट, मग रेशन दुकान, मग जेलची मुलाखत. ठेकेदाराला बदली माणूस पाठवायला सांगितलंय.

बी-701 शिंदे: तो तांदूळवालाच ना? चोरी ती चोरी. आणि गेटचा कॅमेरा नं. 3 अजून बंद आहे.

सी-203 म्हात्रे: शिंदे साहेब, 10 किलो तांदूळ आणि 5 लिटर तेलाचा डबा. माल त्याच दिवशी परत मिळाला. 5,000 रुपयांच्या आतली साधी चोरी, पहिलाच गुन्हा आणि माल परत, असं असेल तर भारतीय न्याय संहितेच्या (आयपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम 303(2) मध्ये शिक्षा समाजसेवेची आहे, गुन्हा जामीनपात्र. पण माल दुकानाच्या गोदामातून गेला म्हणून पोलिसांनी 305 लावलं. ते 7 वर्षांपर्यंतचं आणि अजामीनपात्र, म्हणजे जामीन द्यायचा की नाही ते कोर्ट ठरवतं. हाच कट्टा फुटपाथवर मांडलेल्या मालातून उचलला असता तर माणूस बहुधा घरी असता.
असो. जामीन मंजूर होऊन 19 दिवस झाले. 15,000 चा एक हमीदार नाही म्हणून तो आत आहे. हमीदार कोण होणार?

बी-305 वहिनी: 🌹 शुभ सकाळ. दिलेलं दान आणि घेतलेलं ज्ञान वाया जात नाही 🌹

सी-502 ओंकार: म्हात्रे ताई, शिक्षेचा काही भाग भोगला की आपोआप सोडतात ना?

सी-203 म्हात्रे: आपोआप नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (फौजदारी प्रक्रियेचा कायदा) कलम 479. पहिल्यांदा आरोपी झालेल्यासाठी कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ, म्हणजे 7 वर्षांचे 28 महिने. तोवर पोरं काय खाणार? देशातल्या तुरुंगांत दर 4 कैद्यांतले जवळपास 3 कच्चे कैदी आहेत, दोष अजून सिद्ध न झालेले.

बी-701 शिंदे: पोरांचा एवढा कळवळा असेल तर रेशन आहे की. फुकट मिळतं. कॅमेरा नं. 3 चं बोला.

ए-604 जोशी काका: शिंदे, फुकट आहे पण हातात पडत नाहीये. केशरी कार्ड, प्राधान्य कुटुंब, 4 नावं. माणशी 5 किलो म्हणजे 20 किलो. नवऱ्याचं ई-केवायसी (आधारवरून ओळख पटवणं) राहिलं, जेलमधून अंगठा कसा देणार? त्यामुळे त्याचे 5 किलो अडकले तर समजू शकतो. पण दुकानदार म्हणतो, कुटुंबप्रमुख आणा, तोवर काहीच नाही. हे साफ चूक. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्यात घरातली 18 वर्षांवरची सर्वांत मोठी बाईच कुटुंबप्रमुख धरलेली आहे. उरलेल्या तिघांचे 15 किलो दुकानदाराला द्यावेच लागतात.

ए-604 जोशी काका: दुसरी अडचण अंगठ्याची. फिनेल आणि ब्लिचिंगने मावशींच्या बोटांच्या रेषा गेल्यात, रेशन दुकानातलं ई-पॉस (अंगठा घेणारं) मशिन लाल दिवा दाखवतं. हात कोरडे पुसून दहाही बोटं लावून बघायची. नव्या मशिनला डोळ्याचं स्कॅनर असतं, ते मागायचं. आधारला मोबाइल जोडलेला असेल तर ओटीपीचंही विचारायचं. मुलाचं वय 5 किंवा 15 उलटलं असेल तर आधी आधार केंद्रात त्याचे ठसे अपडेट करावे लागतात, नाहीतर त्याचंही ई-केवायसी फेल. कार्ड परभणीचं आहे म्हणून नाही म्हणाला तर दुसरं दुकान गाठा, पोर्टेबिलिटी आहे, म्हणजे कुठल्याही रेशन दुकानातून धान्य घेता येतं. नवऱ्याचं नाव मात्र कमी करू नका, पुन्हा चढवायला जीव जातो. तक्रार हेल्पलाइन 1967 वर, आणि शिधावाटप कार्यालयात लेखी. पोच घ्या.

बी-402 पाटील: काका, माहिती छान. पण जिना?

ए-208 नाईक: पाटील, जिना मीच झाडतो, आता बस करा. आणि शिंदे, चोरी ती चोरी म्हणताय तर काही फ्लॅटची दोन-दोन वर्षांची थकबाकी आहे. त्यांना फक्त नोटीस, आणि तांदळाला जेल?

बी-701 शिंदे: नाव घेऊन बोला नाईक. आमचं प्रकरण सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे आहे. लिकेजचं आधी बघा.

ए-101 सचिव: हात जोडून विनंती, थकबाकी इथे नको. 🙏

सी-203 म्हात्रे: पुन्हा विचारते. हमीदार कोण होणार?

सी-502 ओंकार: ताई, आपण वर्गणी काढून 15,000 भरले तर?

सी-203 म्हात्रे: चालू शकतं. हमीदार मिळेपर्यंत तात्पुरता रोख जामीन द्या, असा अर्ज करायचा. मंजूर करणं कोर्टाच्या हातात. शिवाय जामिनानंतर 7 दिवसांत कैदी सुटला नाही तर जेलने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला (मोफत कायदेशीर मदत देणारी सरकारी संस्था) कळवायचं असतं, आणि महिना उलटला तर कोर्ट स्वतःहून अट शिथिल करण्याचा विचार करू शकतं. हे सुप्रीम कोर्टाने जानेवारी 2023 मध्ये सांगितलंय. स्थानिकच हमीदार हवा हा हट्टही नको, असंही. गरीब कैद्यांसाठी केंद्राची योजना आहे, कच्च्या कैद्यालाही मदत मिळते, पण फाइल जिल्ह्याच्या समितीकडून फिरते, वेळ जातो. म्हणून वकिलासाठी विधी सेवेच्या 15100 ला आजच फोन. कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

ए-101 सचिव: सोसायटीच्या खात्यातून एक रुपयाही देता येणार नाही. ज्याला द्यायचे त्याने स्वतःचे द्यावेत.

बी-402 पाटील: हमीदाराला धोका काय? तो पळाला तर?

सी-203 म्हात्रे: तारखेला आला नाही तर बंधपत्र (हजर राहण्याची लेखी हमी) जप्त होतं, हमीदाराला नोटीस येते, जास्तीत जास्त 15,000 भरावे लागतात. मधेच नको वाटलं तर अर्ज करून मोकळंही होता येतं. मावशींच्या भावाकडे ना पगाराची स्लिप, ना स्वतःच्या नावावर सातबारा, म्हणून तो चालत नाही. आणि कोर्टाबाहेर भाड्याने मिळणारे हमीदार अजिबात नको. कागद खोटे निघाले की नवा गुन्हा.

बी-701 शिंदे: कॅमेरा नं. 3.

ए-208 नाईक: मी होतो हमीदार. कागद सांगा.

सी-203 म्हात्रे: आधार, रेशनकार्ड, मालमत्ता कराची पावती किंवा पगाराची स्लिप, 2 फोटो. सगळ्यांची मूळ प्रत आणि झेरॉक्स. आधी कोणाला हमी दिली असेल तर ते लिहून द्यावं लागतं. सोमवारी 10:30 ला कोर्टाच्या गेटवर. पडताळणी दुपारपर्यंत झाली तरच सुटकेचा आदेश संध्याकाळच्या आत जेलला पोचतो, नाहीतर आणखी एक रात्र आत.

ए-604 जोशी काका: मी मावशींबरोबर रेशन दुकानात जातो. 15 किलोची ई-पॉस पावती इथे टाकतो.

बी-402 पाटील: नाईक, सोमवारी गाडी माझी घ्या.