बॅकगॅमन (दोन फासे आणि सोंगट्यांचा पटावरचा खेळ): मार खाल्लेली सोंगटी आत येईना

जुळे सोलापूर: माझी सोंगटी मार खाऊन पटाच्या मधल्या पट्टीवर आहे. ६-४ पडलं. ६ ने दुसरी सोंगटी चालवून ४ ने ही आत घेतली तर चालेल का?

सात रस्ता: नाही. आधी पट्टीवरची, मगच बाकीच्या. ४ म्हणजे समोरच्याच्या गोटातलं (त्याच्या बाजूच्या सहा घरांतलं) कडेपासून चौथं घर. तिथे त्याच्या दोन सोंगट्या असल्या की ते बंद. सहावंही बंद असेल तर ती पाळी गेली. सहापैकी एकच घर मोकळं असलं तर ३६ पैकी ११ दानांतच सुटका, म्हणून एकटी सोंगटी उघडी टाकताना समोरची बंद घरं आधी मोजत चला.

बाळीवेस: आणि फासे चादरीवर टाकू नका. आपली सोलापुरी चादर जाड, सुरकुतीवर फासा तिरका टेकतो. फासे पटाच्या उजव्या भागातच सपाट पडायला हवेत. एक जरी तिरका टेकला तरी दोन्ही परत टाकायचे.