न्याय्य समाजाचे पूर्ण चित्र डोळ्यांपुढे नसेल, तर अन्याय मोजायचा कशाने?

प्रश्न

मी राज्यशास्त्राची विद्यार्थिनी आहे आणि सध्या अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यांचा १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेला न्यायसिद्धांत वाचते आहे. आपण कोणत्या घरात जन्मणार, श्रीमंत असणार की गरीब, यांतले काहीच ठाऊक नसलेली माणसे ‘अज्ञानाच्या पडद्या’आड बसून समाजाचे मूलभूत नियम ठरवतात आणि म्हणूनच ते नियम कुणाकडे झुकत नाहीत, अशी त्यांची कल्पना आहे. अमर्त्य सेन यांना हा खटाटोप अनावश्यक वाटतो. दोन शिखरांपैकी उंच कोणते हे सांगायला एव्हरेस्ट सर्वांत उंच आहे हे माहीत असावे लागत नाही, तसेच दोन समाजस्थितींपैकी कमी अन्यायाची कोणती हे ठरवायला परिपूर्ण समाजाचा आराखडा लागत नाही, असे ते म्हणतात. मला सेन पटतात, पण एक शंका सुटत नाही. आदर्श बाजूला ठेवला आणि उद्या कुणी “पूर्वीपेक्षा बरे आहे ना” असे म्हणून तोंड बंद केले, तर उत्तर कशाच्या आधारावर द्यायचे?

प्रतिसाद १

आपली शंका रास्त आहे. रॉल्स विषमतेला मुभा देतात ती तिच्यामुळे तळाच्या माणसाचे भले होत असेल तरच, आणि बंधुतेचा अर्थही ते याच तत्त्वात पाहतात: आपल्यापेक्षा हलाखीत असलेल्यांचा फायदा होत नसेल, तर स्वतःला अधिक मिळावे अशी इच्छाच न धरणे. असा मापदंड हाताशी असला की “पूर्वीपेक्षा बरे” एवढ्यावर कुणाला निसटता येत नाही.

प्रतिसाद २

बंधुतेचा हा अर्थ मला अपुरा वाटतो, आणि त्याचे कारण पुस्तकातले नाही. १९७२ च्या दुष्काळात माझी आई रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात असे. हजेरीपट एकच होता, मजुरी मोजमापावर होती आणि ढीग मोजताना तो कुणी फोडला हे पाहिले जात नसे. वाटपाच्या दृष्टीने त्या माळरानावर फारशी खोट काढता आली नसती. पाण्याचा रांजण मात्र झाडाखाली वेगळ्या माणसाच्या ताब्यात असे, आणि आमच्या वस्तीतल्या बायकांना ओंजळ धरून, वरून ओतलेले पाणी प्यावे लागे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत डॉ. आंबेडकर म्हणाले होते की, बंधुता नसेल तर समता आणि स्वातंत्र्य यांची खोली रंगाच्या थरापेक्षा अधिक असणार नाही. ओतणाऱ्याचा आणि पिणाऱ्याचा संबंध बदलल्याखेरीज मजुरीची समता मला अर्धीच वाटते.

प्रतिसाद ३

वरच्या प्रतिसादामुळे मूळ प्रश्नाला हात घालता येतो. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा समाजसुधारक सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये मंजूर केला होता आणि महाडच्या नगरपालिकेनेही पुढच्या वर्षी चवदार तळे खुले केल्याचे ठरवले होते. तरीही २० मार्च १९२७ पर्यंत त्या तळ्याचे पाणी अस्पृश्यांच्या ओंजळीत आले नाही, आणि त्यानंतरही त्यावरील हक्काचा वाद न्यायालयात १९३७ पर्यंत चालला.

आता समजा, कुणी सुचवले असते की अस्पृश्यांसाठी वेगळी, भरपूर पाण्याची विहीर खोदून देऊ. तहानेच्या मोजपट्टीवर ती स्थिती आधीपेक्षा निश्चितच बरी ठरली असती. (सेन यांच्यावर अन्याय नको: तुलना करताना ते केवळ तहान मोजणार नाहीत. पण प्रतिष्ठाही मोजायची, हे तुलनेच्या आधीच ठरवावे लागते, आणि तिथे आदर्श आलाच.) डिसेंबर १९२७ च्या महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी हेच स्पष्ट केले. आपण केवळ पाणी प्यायला तळ्यावर जाणार नसून आपणही इतरांसारखी माणसे आहोत हे सिद्ध करायला जाणार आहोत, ही सभा समता प्रस्थापित करण्यासाठी भरली आहे, असे सांगून त्यांनी तिची तुलना १७८९ च्या फ्रेंच राष्ट्रीय सभेशी केली. तिथे जमलेल्यांकडे भावी समाजाचा तपशीलवार आराखडा नव्हता, परंतु वेगळी विहीर हे उत्तर नव्हे, एवढे ठामपणे सांगणारे मूल्य त्यांच्याकडे होते. माझ्या मते आदर्शाचे काम नेमके हेच आहे.

प्रश्नकर्ती

वेगळ्या विहिरीचे उदाहरण माझ्या मनात नव्हते. माझी शंका मी आता त्यावरच तपासून पाहीन. दुसऱ्या प्रतिसादकर्त्यांना एकच विचारावेसे वाटते: त्या कामावर कुणी रांजणाला हात लावला होता का?

प्रतिसाद २

होय, एका म्हाताऱ्या बाईंनी एकदा स्वतःच तांब्या बुडवून पाणी घेतले होते. त्या दिवशी दुपारपर्यंत वरच्या आळीतले कुणीही त्या रांजणातले पाणी प्यायले नाही, ऊन तापले तशी एक एक जण गुपचूप येऊन पिऊन गेली, आणि दुसऱ्या दिवसापासून रांजणापाशी माणूस बसला नाही, असे आई सांगत असे.