कॉलेजात गाण्याचा व्हिडिओ केलात? बघणाऱ्यांनी काय काय ऐकवलं?

शेवग्याची शेंग
काल भाचीने फॅमिली ग्रुपवर कॉलेज प्रोजेक्टचा रफ कट टाकला. गाणं ३ मिनिटं ४० सेकंदांचं आणि पहिला अंगठा दुसऱ्याच मिनिटाला हजर. म्हणजे न बघताच! मग "जीवघेणं", "आमची स्टार", अकरा बदाम. पोरगी रडकुंडीला आली, "मावशी, काय चुकलंय ते कुणी सांगतच नाही गं."

आणि मला आमचं २००९ आठवलं. टीवायबीएमएम (मास मीडियाच्या पदवीचं शेवटचं वर्ष), वर्गातल्याच एकाचं गाणं, भाड्याचा मिनी डीव्ही कॅमेरा. मुलगी रेल्वेच्या पुलावरून पळत येते, शेवटी रिकाम्या बाकावर छत्री. छत्री म्हणजे तिचे गेलेले वडील. (आमच्या मते.) वर्गाने टाळ्या वाजवल्या. मग डीव्हीडी करून हॉस्टेलच्या मेसमधल्या टीव्हीवर लावली, ऐन जेवणाच्या वेळी. मी टीव्हीकडे पाठ करून लोकांकडे बघत बसले. दुसरं कडवं सुरू झालं नि सगळ्यांच्या माना ताटात. एकजात! आणि शेवटाला मेसचे काका पोळ्या वाढता वाढता म्हणाले, "छत्री विसरली म्हणून पळतीय होय ती?"

तासभर हसलो काकांना. रात्री अडीचला गुपचूप पुलाचे सहा शॉट उडवले. रविवारी दिग्दर्शकाच्याच बाबांना छत्री देऊन उभं केलं आणि तो शॉट पहिल्या कडव्याआधी टाकला.

येऊ द्या तुमचे किस्से.

झिपऱ्या
छत्री विसरली!! हहपुवा

तिसरी घंटा
आमच्याकडे ज्याने त्याने सांगितलं, हिरोला अभिनय येत नाही, गातोय असं वाटतच नाही. बिचारा आठवडाभर आरशासमोर. शूट मोबाइलवर केलेलं. मोबाइल सेकंदाला ३० फ्रेम म्हणतो खरा, पण उजेड कमी झाला की मधेच कमीजास्त करतो. त्यामुळे मुखड्याला ओठ बरोबर आणि शेवटाकडे गाणं पुढे, ओठ मागे. हँडब्रेक नावाच्या सॉफ्टवेअरमधून सगळ्या क्लिप एका फ्रेम रेटला आणल्या, हिरो एका रात्रीत सुधारला. सॉरी अजून कुणी म्हटलेलं नाही त्याला.

वरणफळं
मी बघणारी नाही, जिच्या घरात शूटिंग झालं ती आई. चौदा पोरं, दोन दिवस. एकाने फ्रिज बंद केला, आवाज येतो म्हणे. अरे मेल्यांनो, गाणं आधीच रेकॉर्ड झालं होतं ना! दीड लिटर दूध नासलं. माझं मत कुणी विचारलं नाही, मीच दिलं. मागचा पडदा चुरगळलाय, इस्त्री करून परत घ्या. नाही घेतलं. यूट्यूबवर तिसरीच कमेंट, "पडदा बघा".

तिसरी घंटा
काकू, समस्त साउंडवाल्यांतर्फे क्षमस्व. पनीर केलंत का त्याचं?

खडूफळा
मी शिकवते, म्हणून टेबलाच्या पलीकडून. पोरं गूगल फॉर्म करतात, व्हिडिओ आवडला का? हो / खूप. उत्तरंही तशीच येतात. आता मी दोनच गोष्टी विचारायला लावते. गोष्ट काय होती ते तुमच्या शब्दांत लिहा, आणि कंटाळा आला तिथली वेळ टाका. एका गटाचं ब्रेकअपचं गाणं होतं, ३२ पैकी ९ जणांना ती दोघं भावंडं वाटली! एकाने तर विचारलं, राखी स्पेशल आहे का. दोघांना एकाच निळ्याचे कपडे दिलेले, छान दिसतात म्हणून. पुन्हा शूट करायला दिवस नव्हते, तर ग्रेडिंगमध्ये, म्हणजे एडिटला रंग बदलताना, त्याचा शर्ट मातकट केला.
पण बघणारे उपाय सांगायला लागले की तेवढ्यापुरते कान बंद ठेवा म्हणते. "इथे ड्रोन शॉट टाका" म्हणणाऱ्याला ड्रोन नको असतो, तिथे तो कंटाळलेला असतो.

मुगाची उसळ
ट्यूबलाइटखाली शूट करणाऱ्यांनो, कॅमेऱ्याचं शटर १/५० सेकंद ठेवा, आपली वीज ५० हर्ट्झची. नाहीतर "व्हिडिओ लुकलुकतोय" हाच एक अभिप्राय मिळतो. बाकीचं संध्याकाळी वाचते, कुकर लावलाय.

लीड्सकर
मुलीने इथे इंग्लंडात ए-लेव्हलला (आपली बारावी म्हणा) मीडिया घेतलेलं. ओसीआर बोर्डाचा जुना अभ्यासक्रम. म्युझिक व्हिडिओ, सोबत सीडीचं कव्हर, मासिकातली जाहिरात. शेवटी चार प्रश्न, त्यातला एक हाच, प्रेक्षकांच्या प्रतिसादातून काय शिकलात. हिने नागपूरच्या आजीलाही लिंक पाठवली. आजी म्हणे, "गाणं नाही समजलं, पण पोट्टीले थंडी नाही वाजत का?" गाणं उन्हाळ्याच्या सुट्टीचं आणि शूट नोव्हेंबरातलं! क्लोजअपमध्ये चक्क तोंडातून वाफ. इथल्या मित्रमंडळींना ती "मूडी" वाटली होती. वाफेचे शॉट गेले, आजीचं वाक्य प्रोजेक्टात भाषांतरासह गेलं.

चकलीसोऱ्या
स्लो मोशनवाले आहेत का कुणी? ५० फ्रेमला शूट, गाणं दुप्पट वेगाने वाजवायचं, एडिटला वेग निम्मा. केस तरंगतात आणि ओठ गाण्यातच राहतात. पण चौपाटीवर स्पीकरमधून ते चिमणीसारखं चिवचिवतं गाणं, आणि त्या वेगात तोंड हलवणारी आमची विरहिणी... भेळवाल्यासकट गर्दी. एक आजोबा म्हणाले, हेच ठेवा, हे छान आहे. नाही ठेवलं. निदान क्रेडिट्सखाली तरी टाकायला हवं होतं, अजून हळहळतो.

शेवग्याची शेंग
खडूफळा, आज संध्याकाळी तसंच केलं. वॉचमन आणि शेजारची दोन पोरं, फोन टीव्हीला जोडून. धाकटा १:१२ ला पाणी प्यायला उठला. भाची म्हणे, त्याला तहान लागली असेल. परत लावला. परत १:१२ लाच उठला. आता ती एडिटला बसलीय, जेवायला येत नाही.

वरणफळं
पनीरच केलं, त्याच चौदा जणांनी खाल्लं. लीड्सकर, यंदा नोव्हेंबरात लेकाकडे येतेय तिकडेच. स्वेटर केवढा जाड लागतो हो?

लीड्सकर
काकू, थर्मल इथे आल्यावर घ्या. बॅगेत भाजणीला जागा ठेवा.