दगडातल्या चुंबकत्वावरून महाराष्ट्राचा जुना अक्षांश कसा काढतात?

घाटवाटा७:
महाबळेश्वरच्या बाजूला घाटात रस्त्याकडेच्या कातळात इंचभर रुंदीची गोल भोकं दिसली, बरोबरचा जिऑलॉजीवाला मित्र म्हणाला पॅलिओमॅग्नेटिझमसाठी (दगडात टिकून राहिलेल्या जुन्या चुंबकत्वाचा अभ्यास) कोअर, म्हणजे दगडाचे दंडगोल नमुने, काढलेत, आणि त्यावरूनच कळलं की साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी हा लाव्हा वाहिला तेव्हा आपला सगळा मुलूख विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता. माझा प्रश्न असा की तेव्हाचं चुंबकीय क्षेत्र कुणी मोजलेलं नाही, मग गणितात नेमकं काय धरून चालतात? आणि जे धरलंय तेच चुकीचं असलं तर?

कातळवेडी:
लाव्हा थंड होताना त्यातलं मॅग्नेटाइट ५८० अंश सेल्सिअसच्या खाली आलं की त्या वेळच्या क्षेत्राची दिशा पकडून ठेवतं. आपल्या कामाचा असतो तो नतिकोन, म्हणजे सुई आडवी न राहता किती झुकते तो. विषुववृत्तावर शून्य, ध्रुवावर ९०. आता गृहीतक असं, की हजारो वर्षांची सरासरी घेतली तर पृथ्वीचं क्षेत्र म्हणजे केंद्रात आसाच्या दिशेने ठेवलेला एक पट्टीचुंबक. एवढं मान्य केलं की सूत्र एका ओळीचं: टॅन (नतिकोन) = २ × टॅन (अक्षांश). मुंबई १९ अंशावर, तर नतिकोन यायला हवा ३५ च्या जवळपास. दख्खनच्या लाव्ह्यात मिळतो साधारण ४५, अभ्यासागणिक थोडा इकडेतिकडे. उलटं गणित केलं की अक्षांश २६.६, तोही दक्षिण. म्हणजे ४६ अंशांचा प्रवास, एका अंशाला १११ किमी धरा, ५१०० किमी झाले, वर्षाला सरासरी पावणेआठ सेंटिमीटर! मला हे गणित कितीही वेळा केलं तरी भारी वाटतं.

सुई_आणि_सरासरी:
वरचं सगळं बरोबर, फक्त "हजारो वर्षांची सरासरी" यावर थांबायला पाहिजे कारण सगळी मेख तिथेच आहे. आपल्या अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेत (१९०४ पासून, मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांनी मोजणी बिघडेल म्हणून कुलाब्याहून तिकडे नेली) आज जो नतिकोन मिळतो तो ३५ च्या बराच खाली आहे. म्हणजे आजच्या एका दिवसाच्या मोजणीवर सूत्र लावलं तर अलिबाग आहे त्यापेक्षा दक्षिणेला निघेल. सूत्र चुकीचं नाही, क्षेत्र सतत डुलत असतं आणि एक लाव्ह्याचा थर म्हणजे त्या डुलण्याचा एकच क्षण. म्हणून वेगवेगळ्या काळातले बरेच थर घ्यावे लागतात. मग या सगळ्या दिशांची सरासरी काढायची कशी, कारण दिशा म्हणजे गोलावरचे बिंदू, साधी बेरीज-भागाकार चालत नाही. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९५३ मध्ये यासाठीच गोलावरचं संख्याशास्त्र मांडलं, केंब्रिजला संशोधक होस्पर्स यांची आइसलँडच्या लाव्ह्यावरची मापं त्यांच्यासमोर होती. आजही प्रत्येक पेपरात सरासरी दिशेभोवती ९५ टक्के खात्रीचा शंकू (खरी दिशा ज्याच्या आत असावी असा, जितका अरुंद तितकं उत्तर पक्कं) त्याच पद्धतीने देतात. नुसता अक्षांश सांगितला आणि शंकू केवढा ते सांगितलं नाही तर तो आकडा मी तरी धरत नाही.

घाटवाटा७:
दोघांचेही आभार, बरंच उलगडलं. पण एक अडतंय. ४५ अंश म्हणजे सुई खाली झुकलेली की वर उचललेली? खाली असेल तर ते उत्तर गोलार्धातलं झालं ना, मग "दक्षिण" कुठून आलं?

कातळवेडी:
एकदम नेमकं पकडलंत. दख्खनच्या खालच्या जाड भागात सुई खालीच झुकलेली आहे आणि तोंड दक्षिण-आग्नेयेला, उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजलं तर साधारण १५५ अंश. महाबळेश्वरच्या वरच्या थरांत बरोब्बर उलट, वर उचललेली आणि तोंड ३३५ ला. कारण मधल्या काळात पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव उलटले. आता गणित दोन उत्तरं देतं. एक तर भारत उत्तरेत होता, खालचे थर सरळ (आजच्यासारख्या) ध्रुवाच्या काळातले आणि सगळा भूखंड तेव्हापासून दीडशेहून जास्त अंश गरकन फिरलाय. किंवा भारत दक्षिणेत होता, खालचे थर उलट्या ध्रुवाच्या काळातले, आणि फिरला फक्त २५ अंश घड्याळाच्या उलट दिशेने. सूत्राच्या दृष्टीने दोन्ही चालतात, दगडाकडून निवाडा होत नाही.

सुई_आणि_सरासरी:
निवाडा समुद्राच्या तळाने केला. हिंदी महासागराच्या तळावर, तळ फाकून नवा खडक तयार होत गेला तसे, उलट-सुलट चुंबकत्वाचे पट्टे उमटले आहेत, ते मागे मागे जुळवत गेलं की भारत दक्षिणेकडून वर येताना दिसतो आणि दीडशे अंशांच्या गिरकीला कुठेच जागा उरत नाही. रेखांशासाठीही तेच पट्टे लागतात, कारण पट्टीचुंबक आसाभोवती सगळीकडून सारखाच, त्यामुळे दगडातून अक्षांश मिळतो, भूखंड किती फिरला ते मिळतं, पण तेव्हा पूर्वेला होता की पश्चिमेला हे त्या सूत्रातून कधीच निघत नाही.