खेळानंतरच्या चर्चेत तीच सात-आठ माणसे बोलतात : लहान चित्रपटगृहाने रसग्रहण शिकवावे तरी कसे?

कोपऱ्यातली खुर्ची (धागाकर्ती)

नमस्कार. आम्ही काही जण मिळून ना-नफा तत्त्वावर एकपडदा चित्रपटगृह चालवतो. शंभराच्या आत खुर्च्या आहेत, पगारी माणसे दोन आणि बाकी सारे स्वयंसेवक. संस्थेच्या घटनेतील पहिल्याच कलमात ‘चित्रपटशिक्षण’ हा उद्देश लिहिलेला आहे, आणि त्याला जागण्यासाठी आम्ही महिन्यातून दोनदा खेळ संपल्यावर चर्चा ठेवतो. अडचण अशी आहे की दिवे लागताच निम्मे प्रेक्षक उठतात आणि उरलेल्यांपैकी ठरलेली सात-आठ माणसेच बोलतात. ती जाणकार आहेत, वाईट मुळीच नाहीत. पण त्यांच्या बोलण्यानंतर इतरांना तोंड उघडण्याचा धीर होत नाही.

मागच्या चर्चेतील एक प्रसंग माझ्या मनातून जात नाही. बहुधा पहिल्यांदाच आलेल्या एक बाई हात अर्धा वर करून बसल्या होत्या. माझे तिकडे लक्ष जाईपर्यंत आमच्या एका जुन्या सभासदांनी दिग्दर्शकाच्या आधीच्या चार चित्रपटांची उजळणी सुरू केली, आणि ते थांबले तेव्हा तो हात खाली गेलेला होता. त्या बाई पुन्हा आलेल्या नाहीत.

कार्यकारिणीत आता दोन तट पडले आहेत. काहींचे म्हणणे असे की तज्ज्ञ बोलावून आठ आठवड्यांचा रीतसर रसग्रहण वर्ग घ्यावा, तर काहींचे असे की शिकवण्याचा अट्टहास सोडून नुसते स्नेहमेळावे भरवावेत, म्हणजे माणसे तरी जोडली जातील. शिक्षण एका बाजूला आणि माणसे दुसऱ्या बाजूला, ही वाटणीच मला पटत नाही, पण तिच्या जागी काय मांडावे ते सुचत नाही. अशा संस्थांत प्रत्यक्ष काम केलेल्यांनी अनुभव सांगावेत.

तिसरी घंटा

चर्चेची सुरुवात कोणत्या प्रश्नाने होते, हे आपण लिहिलेले नाही. माझा अंदाज आहे की तो प्रश्न ‘कसा वाटला चित्रपट?’ हाच असावा. मी स्वतः कित्येक वर्षे तोच विचारत होतो. या प्रश्नात खोट अशी की तो निकाल मागतो, आणि निकाल द्यायला जो आत्मविश्वास लागतो तो नेमका त्या सात-आठ जणांकडेच असतो. ‘काय दिसले?’ किंवा ‘काय ऐकू आले?’ असे विचारले, तर त्या दिवशी पहिल्यांदा आलेली व्यक्तीही जुन्या सभासदाच्या बरोबरीने उत्तर देऊ शकते, कारण डोळे आणि कान दोघांनाही सारखेच असतात.

मी आता संपूर्ण चित्रपटावर चर्चा घेतच नाही. तीन मिनिटांचा एक तुकडा निवडतो आणि तो तीनदा चालवतो : एकदा जसाच्या तसा, एकदा आवाज बंद करून आणि एकदा पडदा काळा ठेवून नुसता आवाज. एका चर्चेत असा तुकडा होता : बंद दाराच्या आत आई, बाहेर मुलगा, आणि दोघांचे तुटक बोलणे. पहिल्या वेळी सर्वांचे एकमत झाले की आई रागावलेली आहे. आवाज बंद केल्यावर मागून कोणीतरी म्हणाले की कॅमेरा एकदाही खोलीच्या आत गेलेला नाही, म्हणजे आईचा चेहरा आपण पाहिलेलाच नाही. नुसता आवाज ऐकवला तेव्हा एक आजी म्हणाल्या, ‘ही रागावलेली नाही, हिचा आवाज बसलाय. रडून झाल्यावर असा बसतो.’ त्यानंतर पाऊण तास लोक आपापसांत बोलत होते आणि मला फक्त घड्याळाकडे पाहावे लागले. चौकट, संकलन, पार्श्वध्वनी हे शब्द त्या ओघात आलेच, पण प्रत्येक शब्द त्याची गरज पडली तेव्हाच आला.

माझ्या मते आपल्या दोन तटांमधील वाटणी येथे मिटते. पुन्हा आणि सोबत पाहणे हेच शिक्षण, आणि ते एकट्याने घरी होत नाही. कारण आपण जे पाहिले ते शेजारच्याने पाहिलेच नाही, हे शेजारी असल्याशिवाय कळत नाही.

यंत्रघर

मी प्रक्षेपक आहे, म्हणजे चित्रपटगृहात प्रोजेक्टर चालवतो. तिसरी घंटा यांचा उपाय उत्तम आहे, परंतु तो ऐकून कोणी खेळ संपताच वरच्या केबिनकडे बघून ‘तो प्रसंग जरा पुन्हा लावा’ असे म्हणू नये, म्हणून थोडे लिहितो. आज बहुतेक चित्रपट डीसीपीच्या, म्हणजे चित्रपटगृहासाठी बनवलेल्या डिजिटल फायलींच्या संचाच्या रूपात येतात. त्यांपैकी पुष्कळ कुलूपबंद असतात आणि केडीएम नावाची डिजिटल किल्ली आल्याशिवाय उघडत नाहीत. ही किल्ली एका ठरावीक सर्व्हरसाठी आणि ठरावीक मुदतीपुरतीच चालते. त्या कुलूपबंद प्रतीतून तीन मिनिटे कापून घेता येत नाहीत, आणि ऐन वेळी मागेपुढे करून नेमकी जागा शोधणे हे काम घरच्या रिमोटसारखे सोपे नसते. यासाठी वितरकाला आधीच लिहून तुकडा वेगळा मागवावा आणि त्याच पत्रात तो चर्चेत पुन्हा दाखवण्याची परवानगीही घ्यावी. मला आलेल्या अनुभवाप्रमाणे लहान वितरक सहसा आनंदाने हो म्हणतात. त्यांच्या प्रतींना अनेकदा कुलूपही नसते.

दुसरे असे की प्रक्षेपण केबिनचे दार उघडा. आमच्याकडे ३५ मिलिमीटरचे दोन जुने प्रोजेक्टर अजून चालू स्थितीत आहेत. वर्षातून काही खेळ आम्ही रिळांवर करतो आणि त्या दिवशी पाच-सहा प्रेक्षकांना वर बसवतो. दोन हजार फुटांचे रीळ साधारण बावीस मिनिटे चालते. ते संपत आले की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एक ठिपका क्षणभर चमकतो, तेव्हा दुसऱ्या यंत्राची मोटर सुरू करायची, आणि सुमारे सात सेकंदांनी दुसरा ठिपका आला की एकावरून दुसऱ्यावर जायचे. हे ज्याने एकदा वरून पाहिले, त्याला खाली बसल्यावर तो ठिपका आपोआप दिसू लागतो. सेकंदाला २४ चित्रे सरकतात आणि यंत्राची झडप (शटर) प्रत्येक चित्र किमान दोनदा उजळवते, म्हणून लुकलुक जाणवत नाही. अर्थात दोन उजेडांच्या मधल्या क्षणांत आपण अंधारातच बसलेलो असतो. हे सांगितल्यावर एका शाळकरी मुलीने विचारले होते, ‘मग मी तिकिटाचे पैसे अंधाराचेही दिले का?’ आता ती मुलगी दर शनिवारी रिळे गुंडाळायला येते.

आपले मौन बाळगणारे प्रेक्षक चर्चेत बोलणार नाहीत कदाचित, पण हाताला काम दिले तर येतील. तिकीट खिडकी, चित्रपटाविषयीच्या छापील टिपणाची घडी घालणे, उपशीर्षके तपासणे, खुर्च्यांचे स्क्रू आवळणे, काहीही. खुर्च्यांचे स्क्रू तर सगळीकडेच ढिले असतात.

मागची रांग

थोडा विरोधी सूर लावतो, राग मानू नये. मी त्या दिवे लागताच उठणाऱ्या निम्म्यांपैकी आहे. चांगला चित्रपट पाहिल्यावर मला अर्धा तास कोणाशीही बोलायचे नसते, आणि दारापर्यंत जाताना सूत्रसंचालक माझ्या पाठीला उद्देशून ‘थांबलात तर बरे होईल’ असे म्हणतात तेव्हा मला अपराधी वाटते. माझ्यासारख्याला समूहात राहायचे नाही, असे मात्र नाही. मी तेथे वारंवार येतो, कारण अंधारात अनोळखी माणसांबरोबर गप्प बसणे हीसुद्धा सोबतच आहे. कृपया श्रेयनामावली पूर्ण संपू द्या, मग दहा मिनिटांची सुटी घ्या आणि ज्यांना जायचे त्यांना सन्मानाने जाऊ द्या. शक्य असल्यास चर्चा त्याच रात्री न ठेवता दोन दिवसांनी ठेवा. मी एखादे वेळेस येईनही.

अजून एक गोष्ट म्हणजे छापील टिपण. १९४७ ते १९६३ या काळात न्यूयॉर्कमध्ये एमॉस व्होगेल यांनी ‘सिनेमा १६’ ही सभासदांवर चालणारी फिल्म सोसायटी चालवली. तिच्या सभासदांना कार्यक्रमाबरोबर टिपणे मिळत. जो बोलत नाही तो वाचतो, हे आयोजकांच्या लक्षात राहत नाही.

फळा आणि खडू

मी शिक्षिका आहे आणि शाळेतील मुलांना अशाच एका चित्रपटगृहात नेत असते. मोठ्यांच्या चर्चेविषयी मला फारसे सांगता येणार नाही, पण मुलांबरोबर एक प्रयोग फार चांगला जमतो. चित्रपटाच्या आद्य निर्मात्यांपैकी असलेल्या फ्रान्सच्या लुमिएर बंधूंनी १८९५ मध्ये आपल्या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या कामगारांचे जे चित्रण केले, त्याच्या तीन आवृत्त्या उपलब्ध आहेत. प्रत्येक आवृत्ती मिनिटापेक्षा कमी लांबीची. त्या एकापाठोपाठ एक दाखवायच्या आणि फरक शोधायला सांगायचे. एकीत एक घोडा आहे, दुसरीत दोन आहेत आणि तिसरीत घोडाच नाही, हे मुले लगेच ओरडून सांगतात. मग कोणीतरी कपड्यांकडे लक्ष वेधते, मग सावल्यांकडे, आणि शेवटी प्रश्न येतोच : ही माणसे खरोखर सुटीच्या वेळी बाहेर पडत आहेत, की कोणी सांगितले म्हणून? माहितीपट म्हणजे काय, या विषयाची याहून चांगली सुरुवात मला सापडलेली नाही.

त्यानंतर प्रत्येकाने स्वतःचे एक मिनिट चित्रित करायचे. कॅमेरा हलवायचा नाही, झूम नाही, मध्ये थांबायचे नाही आणि दुसरी संधी नाही. ही कल्पना माझी नव्हे. पॅरिसच्या चित्रपट संग्रहालयाने, म्हणजे सिनेमातेक फ्रान्सेझने १९९५ मध्ये सुरू केलेल्या शालेय उपक्रमात हा अभ्यास ‘लुमिएर मिनिट’ या नावाने घेतला जातो. मुले आधी बराच वेळ नुसती उभी राहतात, कारण कॅमेरा कोठे ठेवावा हे ठरेना. तेच त्यांचे शिक्षण, असे मी मानते. गेल्या खेपेला एका मुलाने शाळेच्या नळाखाली भरत असलेली बादली निवडली. त्याने हिशेब असा केला होता की मिनिट संपणे आणि बादली भरून वाहणे एकाच वेळी घडावे. बादली चाळिसाव्या सेकंदालाच भरली. उरलेली वीस सेकंदे पाणी वाहत राहिले, मागून शिपाईमामांचा आवाज आला आणि शेवटी एक हात येऊन नळ बंद करून गेला. पडद्यावर ते मिनिट पाहताना सगळे प्रेक्षागृह हसले, आणि तो मुलगा रडकुंडीला आला, कारण त्याच्या मते ते चुकले होते.

ही मिनिटे चित्रपटगृहाच्या मोठ्या पडद्यावरच दाखवा, मोबाईलवर नाही. मुलांबरोबर पालक येतात, आणि त्यांच्यातले काही पुढच्या खेळालाही येतात. धागाकर्तींनी मोठ्यांसाठीही हे करून पाहावे. त्या जुन्या सभासदांनाही एक मिनिट करायला लावा.

कोपऱ्यातली खुर्ची (धागाकर्ती)

सर्वांचे मनापासून आभार. तिसरी घंटा, आपला अंदाज खरा आहे. मी ‘कसा वाटला?’ हेच विचारत होते. हा धागा मी कार्यकारिणीच्या बैठकीत वाचून दाखवला. तज्ज्ञांच्या वर्गाचा आग्रह धरणारे आमचे सहकारी तीन मिनिटांच्या तुकड्यावर राजी झाले आहेत, मात्र तुकडा त्यांनीच निवडावा अशी त्यांची अट आहे आणि मी ती मान्य केली. मागची रांग यांच्या सूचनेप्रमाणे श्रेयनामावलीनंतर दहा मिनिटांची सुटी राहील आणि छापील टिपण दाराजवळ ठेवलेले असेल. सुटीत मी पुढे उभी न राहता दाराशी उभी राहणार आहे. कोणाला अडवायला नाही, निरोप द्यायला. ‘एक मिनिट’ उपक्रमाला पुढच्या महिन्यापासून आरंभ करू. त्या जुन्या सभासदांना विचारले, तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, ‘एका मिनिटात काय दाखवणार?’ दुसऱ्या दिवशी त्यांनी ट्रायपॉड कोणाकडे मिळेल अशी चौकशी केली.

एकच शंका उरली आहे. निवडलेला तुकडा प्रक्षेपकांकडे किती आधी द्यावा?

यंत्रघर

दोन दिवस आधी, म्हणजे रिकाम्या प्रेक्षागृहात आवाजाची पातळी तपासता येते. तीन वेळा चालवायचा असेल तर तिन्ही आवृत्त्या वेगवेगळ्या फायली करून द्या आणि त्यांना १, २, ३ अशी नावे द्या. ‘अंतिम’, ‘अंतिम नवा’ आणि ‘हाच घ्या’ अशी नावे असलेल्या फायली मी पुष्कळ पाहिल्या आहेत.